वीजकेंद्रांच्या धुराचे नियम : चिमणीतून दिसतं ते आणि दिसत नाही ते

जुना संच

११ जुलै २०२५ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि देशातल्या बहुतेक कोळशाच्या वीजकेंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून मोकळं केलं. तेव्हापासून माझ्या फोनवर दोन प्रकारचे निरोप येतात. एकात म्हणे आता थर्मलवाल्यांना रान मोकळं, दुसऱ्यात म्हणे आता वीज स्वस्त. दोन्ही अर्धवट. विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात ईएसपीच्या (धुरातली राख विजेने पकडणारं यंत्र) देखभालीत माझी सगळी नोकरी झाली. आता निवृत्त आहे, कुणाची तळी उचलायची गरज नाही, तेव्हा जे ठाऊक आहे ते लिहितो.

७ डिसेंबर २०१५ च्या आधी आपल्याकडे धुळीला मर्यादा होती, मोठ्या संचांना (एक बॉयलर आणि त्याचं जनित्र म्हणजे एक संच) घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम. सल्फर डायऑक्साइडला मात्र मर्यादाच नव्हती. त्याच्या बदल्यात चिमणीची उंची ठरवून दिलेली: ५०० मेगावॅट आणि त्यावरच्या संचाला २७५ मीटर. गावावर पडू देऊ नका, लांब जाऊन पडू द्या, एवढाच त्याचा अर्थ.

२०१५ च्या अधिसूचनेने पहिल्यांदा सगळं बांधून घातलं. २००३ अखेरपर्यंतच्या संचांना धूळ १००, २००४ ते २०१६ मधल्यांना ५०, २०१७ पासूनच्यांना ३०. सल्फर डायऑक्साइड जुन्या लहान संचांना ६००, ५०० मेगावॅटपासून पुढे २००, नव्यांना १००. नायट्रोजन ऑक्साइड आणि पाराही त्यात आले. मुदत दोन वर्षांची, डिसेंबर २०१७. ती जवळपास कुणीच पाळली नाही. मग ती २०२२ पर्यंत वाढवली. मग २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे वर्ग पाडले: दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवरच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत असेल तर अ, अतिप्रदूषित क्षेत्र किंवा हवेची मानकं न पाळणाऱ्या शहराजवळ असेल तर ब, उरलेले सगळे क. त्याच्याही तारखा २०२२ मध्ये सरकल्या, २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सरकल्या. शेवटी जुलै २०२५ मध्ये क वर्गाला, म्हणजे जवळपास ७८ टक्के क्षमतेला, चिमणीच्या उंचीची अट पाळली की सल्फरची मर्यादा माफ. ब वर्गाचा निर्णय तज्ज्ञ समिती केंद्रागणिक करणार. अ वर्गाला डिसेंबर २०२७.

आता नीट वाचा: धुळीच्या मर्यादेला यात हातही लावलेला नाही. १००, ५०, ३० तसेच आहेत. पण 'धूळ' म्हणजे नेमकं काय मोजतात, यावर सगळं अडतं.

५०० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने चालला तर तासाला सव्वातीनशे टनांच्या आसपास कोळसा खातो. आपल्या कोळशात राख पस्तीस-चाळीस टक्के. त्यातली बरीचशी धुराबरोबर उडते, तासाला सुमारे शंभर टन. तिला अडवायला ईएसपी असते. घरापेक्षा उंच पत्र्यांच्या रांगा, मधे तारा, तारांना हजारो व्होल्टचा दाब. राखेच्या कणाला विद्युतभार मिळतो, तो पत्र्याला जाऊन चिकटतो, ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यावर आपटतात आणि राख खाली हॉपरमध्ये पडते. कार्यक्षमता ९९.९ टक्के. ऐकायला फार छान. पण शंभर टनांचा एक दशांश टक्का म्हणजेही तासाला शंभर किलो राख चिमणीतून जातेच, आणि ती नियमात बसते. ९९.९ ची ९९ झाली की तोच आकडा एक टन होतो. एखादं फिल्ड (ईएसपीचा एक विभाग) ट्रिप होऊन बंद पडलं, हॉपर चोकअप होऊन राख तारांपर्यंत आली, हातोड्याची मोटर गेली, की एवढं व्हायला वेळ लागत नाही. संच बंद करून दुरुस्ती करायची की उन्हाळ्यात मागणी आहे म्हणून तसाच रेटायचा, हा निर्णय ईएसपीवाला घेत नाही.

हे झालं कणांचं. त्याच संचातून सल्फर डायऑक्साइड किती जातो? कोळशात गंधक अर्धा टक्का धरा. तासाला साधारण तीन टन. ईएसपी त्यातलं काहीही अडवत नाही, कारण तो वायू आहे. पुढे हवेत त्याचं सल्फेट होतं, आणि ते अतिसूक्ष्म कणच असतात. राखेच्या शंभर किलोंवर पहारा आणि तीन टनांना वाट मोकळी, असा हा हिशेब आहे.

माझं म्हणणं एवढंच की मर्यादेचे आकडे आपल्याकडे वाईट नाहीत. ते पाळले जातायत का हे रोज बघणारं, आणि न पाळल्यास थांबवू शकणारं कुणी नाही. महाराष्ट्रात एका ठिकाणी असं कुणी होतं, तिथे काम झालं. डहाणू. त्यावर इथल्या कुणाला माहिती असेल तर लिहा.

वीजबिलग्रस्त

लेख चांगला, पण दुसरी बाजूही लिहा की. एफजीडी (धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा) बसवायला मेगावॅटमागे सव्वा कोटीच्या आसपास खर्च सांगतात. देशभराचा आकडा अडीच लाख कोटी. युनिटमागे २५-३० पैसे. ते कंपनी भरणार नाही, वीज नियामक आयोगापुढे जाऊन दरात टाकणार. आमच्याकडे पॉवरलूम आहेत, ३० पैशांनी काय होतं ते आम्हाला विचारा.

शिवाय नीरी, एनआयएएस या संशोधन संस्थांनी, आयआयटीवाल्यांनी अभ्यास केले, पंतप्रधानांच्या वैज्ञानिक सल्लागारांच्या समितीनेही सांगितलं की आपल्या कोळशात गंधक कमी आहे, शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड ८० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या खूप आत आहे, आणि एफजीडी असलेल्या-नसलेल्या जागांत फरक दिसत नाही. मग कशाला? धुळीवर पैसे घाला ना.

पळसफूल

आम्ही थर्मलच्या भिंतीपासून फार लांब राहत नाही. कुठलं ते लिहीत नाही, नवरा तिथेच कामाला आहे. हिवाळ्यात सकाळी गच्चीवर बोट फिरवलं की बोट काळपट होतं. लोणच्याच्या फोडी, कुरड्या, सांडगे, काही उघड्यावर वाळवायची सोय नाही. इथे सगळ्यांचं ठाम मत आहे की रात्री वीज वाचवायला ईएसपी बंद करतात. जुना संच, खरं सांगा, करतात का?

ठेचा-भाकर

काहून इच्चारता ताई, हे सांगनार हायेत का तुमाले? आमच्या गावात तं पोट्टेबी सांगतेत, रातच्याले चिमनी जास्त थुकते म्हून.

रसायनी

@वीजबिलग्रस्त, त्या युक्तिवादात एक भोक आहे, आणि ते रसायनशास्त्राचं आहे, राजकारणाचं नाही.

८० मायक्रोग्रॅमची मर्यादा सल्फर डायऑक्साइड *वायूची* आहे. चिमणीतून निघालेला वायू वाऱ्याबरोबर जातो. तासाभरात त्यातला काही टक्के भाग सल्फेट होतो, दमट आणि ढगाळ हवेत जास्त वेगाने. पुढे अमोनिया भेटला (शेतातल्या युरियातून, गोठ्यांतून, गटारांतून तो भरपूर मिळतो) की अमोनियम सल्फेट. हे कण अडीच मायक्रॉनच्या खूप खाली असतात. शे-दोनशे किलोमीटरवरच्या शहरात मोजयंत्र लावलं तर तिथे सल्फर डायऑक्साइड कमी दिसणारच, कारण तोवर तो सल्फर डायऑक्साइड राहिलेलाच नाही. तो पीएम २.५ च्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या, आकड्यात जाऊन बसलाय, आणि त्याचा दोष वाहनांवर, बांधकामांवर, फटाक्यांवर जातो.

वजनाचंही बघा. ६४ ग्रॅम सल्फर डायऑक्साइडपासून १३२ ग्रॅम अमोनियम सल्फेट होतं. दुपटीहून जास्त. सगळा वायू काही कणांत बदलत नाही, बराचसा जमिनीवर, झाडांवर, पाण्यात उतरतो. पण तीन टनांतला तिसरा हिस्सा बदलला तरी तासाला दोन टन सूक्ष्म कण होतात. आणि धुळीची मर्यादा किती किलोंवर भांडते? शंभर.

'धुळीवर पैसे घाला' हे बरोबर आहे, फक्त ही सुद्धा धूळच आहे.

जुना संच

@पळसफूल, सरळ उत्तर देतो. मुद्दाम रात्री स्विच पाडून ईएसपी बंद ठेवणं मी पाहिलेलं नाही. तिची वीज संचाच्या वापरात फार मोठी नसते, वाचवून हाती काही लागत नाही. पण लोकांना रात्री-पहाटे जास्त धूर जाणवतो हे खोटं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत.

पहिलं, हवा. हिवाळ्याच्या रात्री जमीन थंड होते, वर गरम हवेचा थर बसतो आणि खालचा धूर, रस्त्यावरची राख, शेगड्या, सगळं तिथेच कोंडतं. दुसरं, संच सुरू करताना. बंद संच पेटवतात तो तेलावर. तेव्हा न जळलेलं तेल धुरात असतं, ठिणगीने ईएसपीत आग लागायची भीती, म्हणून फिल्ड टप्प्याटप्प्याने घेतात. त्या काळात चिमणीतून काळा लोट निघतो, तो नियमबाह्य दिसतो, पण सुरू-बंदच्या काळासाठी सगळे डोळेझाक करतात. तिसरं कारण नवं आहे. दुपारी सौरऊर्जा भरपूर, म्हणून कोळशाचे संच ५५ टक्क्यांवर आणायचे, संध्याकाळी पुन्हा चढवायचे. काही संच तर पूर्णच काढून पुन्हा लावतात. जुने २१० मेगावॅटचे संच या कसरतीसाठी बनलेलेच नाहीत.

गच्चीवरच्या बोटाला लागते ती राख बहुधा चिमणीची कमी आणि जमिनीवरची जास्त असते. चिमणी २७५ मीटर उंच, तिचा माल लांब पडतो. राखेचा सुकलेला तलाव, उघडे टिपर, कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायची जागा, हे तुमच्या उंचीवर आहे. पण त्याची मोजणी चिमणीच्या नियमात येतच नाही.

एक मजेशीर गोष्ट. 'आपल्या कोळशात गंधक कमी' हे कारण सूट मागताना पुढे केलं जातं. पण गंधक कमी आणि सिलिका-अ‍ॅल्युमिना जास्त, म्हणूनच आपली राख विजेला फार विरोध करते आणि ईएसपीत नीट पकडली जात नाही. पत्र्यावर थर साचतो, त्या थरातूनच उलटा विद्युतस्राव (उलटा कोरोना) सुरू होतो, पकडलेली राख परत उडते. त्यावर उपाय म्हणून कित्येक केंद्रांत धुरात अमोनिया सोडतात. म्हणजे ज्या गुणामुळे वायूत सूट मिळाली, त्याच गुणासाठी धुळीत जास्त पैसे लावायला हवे होते. तसं कुठल्या अधिसूचनेत वाचल्याचं आठवत नाही.

घोलवडची वाडी

डहाणूवर लिहितो. माझा जन्म तिथला, पण त्या लढ्यात मी नव्हतो, माझ्या आधीची पिढी होती.

केंद्र ५०० मेगावॅटचं, २५० चे दोन संच, १९९५-९६ च्या सुमारास सुरू झालं. मालक आधी बीएसईएस कंपनी, मग रिलायन्स, २०१८ पासून अदाणी. प्रकल्प येणार म्हटल्यावर स्थानिक लोक न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प थांबवला नाही. पण त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. मग ती अधिसूचना पाळली जात नाही म्हणून पुन्हा न्यायालय. ऑक्टोबर १९९६ च्या निकालानंतर डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

प्राधिकरणाने १९९९ मध्ये सांगितलं, एफजीडी बसवा. कंपनी म्हणाली, गरज नाही, गंधक कमी आहे (ओळखीचं वाटतंय?). वाद, अपिलं, बँक गॅरंटी, असं चालत २००७ मध्ये एफजीडी बसली. देशात सल्फरची मर्यादा यायच्या आठ वर्षं आधी. आणि समुद्राच्या पाण्यावर चालणारी. समुद्राचं पाणी मुळात थोडं अल्कधर्मी, ते वायू शोषतं, मग हवा मिसळून त्याचं सल्फेट करून पाणी परत सोडतात. चुनखडी लागत नाही, जिप्समचा ढीग उरत नाही. मुंबईत ट्रॉम्बेलाही टाटांच्या एका संचाला अशी व्यवस्था त्याच्या आधीपासून होती. मच्छीमारांचा मात्र खाडीत सोडलेल्या गरम पाण्यावर आक्षेप होता, तो काही एफजीडीने सुटला नाही.

चिकूचं विचाराल तर आमच्यातच दोन तट आहेत. काही म्हणतात उत्पादन घटलं ते राखेने. काही म्हणतात बी पोखरणारी अळी, बदललेला पाऊस, म्हातारी झाडं. मी दुसऱ्या बाजूकडे झुकतो. पण जुनी माणसं ऐकत नाहीत.

आठ वर्षं लागली, हे खरं. तरी आदेश देणारे गृहस्थ तालुक्यात यायचे, सुनावणी घ्यायचे, लोकांना बोलू द्यायचे. तारीख सरकवायची तर त्यांच्यासमोर उभं राहून कारण सांगावं लागायचं. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये वाढवण बंदराला मंजुरी दिली. त्यावर इथे बोलायला लागलो तर धागा भरकटेल.

वीजबिलग्रस्त

डहाणूला समुद्र होता. चंद्रपूरला कुठून आणणार? चुनखडीची एफजीडी म्हणजे खाणी, ट्रक, पाणी, आणि वर कार्बन डायऑक्साइड. केंद्राची वीजही ती खाते.

रसायनी

कार्बन डायऑक्साइडचं खरं आहे, चुनखडी वापरली की तो सुटतोच. पाणीही जास्त लागतं. पण चंद्रपूरचं उदाहरण घेतलंत ते तुमच्या विरोधात जातं. राजुरा-कोरपना पट्टा चुनखडीवर बसलाय, गडचांदूर-आवारपूर-घुग्घुसला सिमेंटचे कारखाने आहेत, आणि सिमेंट दळताना जिप्सम लागतंच. एफजीडीतून निघतं ते जिप्सम. शुद्धतेचा प्रश्न येतो, दर येतो, पण बाजार शेजारीच आहे. राजस्थानातून आणायची वेळ असती तर तुमचं मान्य केलं असतं.

कलम-कसाई

चंद्रपूरचा विषय निघालाच आहे तर कायद्याचा मुद्दा. २०२५ च्या सवलतीत चंद्रपूर क वर्गात *नाही*. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातली औद्योगिक क्षेत्रं मोजली, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन चौथं होतं, अंकलेश्वर, वापी, गाझियाबादच्या पाठोपाठ. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही मानकं न पाळणाऱ्या शहरांत ते आहे. तेव्हा चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरचं २९२० मेगावॅटचं केंद्र ब मध्ये येतं, आणि तिथे निर्णय तज्ज्ञ मूल्यांकन समिती केंद्रागणिक घेणार. म्हणजे दार अजून उघडं आहे. 'सगळ्यांना सूट मिळाली' म्हणत घरी बसलो तर ते दार आपणच लावून घेऊ.

परळी, भुसावळचं दीपनगर, पारस, तिरोडा यांच्याजवळ ना दहा लाखांचं शहर ना यादीतलं. ती क मध्ये. परळीच्या माणसाची फुप्फुसं नागपूरकराच्या फुप्फुसांपेक्षा टणक असतात असं काही कायद्यात लिहिलेलं नाही, पण वर्गवारीचा अर्थ तोच निघतो.

दंडाचंही सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीत मुदत चुकवली तर युनिटमागे काही पैसे भरपाई ठेवली. अ वर्गाला पहिल्या सहा महिन्यांत १० पैसे, पुढे २० पर्यंत. वर वीजबिलग्रस्तांनीच एफजीडीचा खर्च २५-३० पैसे लिहिला आहे. हिशेब करा. पुढच्या वर्षी दंड वाढवला, पण तोवर मुदतच पुढे नेली होती, तेव्हा भरायची वेळ कुणावर आली नाही.

ठेचा-भाकर

दंड भरूनबी पैसे उरतेत म्हना की. आमच्या इकडं कोंबडीचोराले याच्यापरीस जास्त दंड हाये.

शांघायचा पांडू

कामानिमित्त चीनमध्ये असतो म्हणून दोन पैसे. यांनी २०१४ मध्ये कोळशाच्या केंद्रांसाठी अतिकमी उत्सर्जनाची पातळी ठरवली: धूळ १०, सल्फर डायऑक्साइड ३५, नायट्रोजन ऑक्साइड ५० मिलिग्रॅम. आपल्या २०१७ नंतरच्या संचांची धुळीची मर्यादा ३० आहे, म्हणजे तिप्पट. पण नुसता बडगा नव्हता. जे जुने संच ही पातळी गाठतील त्यांच्या विजेला युनिटमागे १ फेन जास्त भाव. बसवलेलं यंत्र चालू ठेवलं तरच पैसे, आणि चालू आहे का ते ऑनलाइन आकड्यांवरून बघणार. आकड्यांत गडबड करणारेही निघाले, त्यांना दंड झाले. इथली हवा एकदम निर्मळ झाली असं मुळीच नाही, पण शांघायचं आकाश दहा वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं एक नाही हे रोज दिसतं.

वीजबिलग्रस्त

१ फेन म्हणजे आपले दहा-बारा पैसे. म्हणजे शेवटी वीजग्राहकच. तरी हे बरं, काम झाल्यावर पैसे. आपल्याकडे यंत्र बसवल्याचे पैसे मिळतात, चालवल्याचं बघतं कोण?

(५३७ संचांना एफजीडी बसवायची ठरली होती, २०२५ पर्यंत चाळीसच्या आसपास बसल्या. हे मीही वाचलंय, मला खलनायक करू नका.)

निशाचर अभियंता

ऑनलाइन आकड्यांचा विषय निघाला म्हणून. मी उत्सर्जन मोजणारी उपकरणं बसवणाऱ्या धंद्यात आहे.

२०१४ पासून जास्त प्रदूषण करणाऱ्या सतरा प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर सतत मोजणारं यंत्र लावून आकडे थेट प्रदूषण नियंत्रण मंडळांना पाठवायला सांगितलं आहे. धुळीचं यंत्र बहुतेक ठिकाणी प्रकाशावर चालतं: चिमणीत आडवा किरण, किती अडला किंवा किती विखुरला त्यावरून मिलिग्रॅमचा अंदाज. हा *अंदाज* आहे. कोळसा बदलला, राखेचा रंग-आकार बदलला की त्याचं गुणोत्तर बदलतं. म्हणून अधूनमधून माणसाने चिमणीवर चढून, पोर्टमधून नळी घालून, धुराच्याच वेगाने धूर ओढून, फिल्टर तोलून खरा आकडा काढायचा आणि यंत्र त्याच्याशी जुळवायचं. शंभर मीटरवर वाऱ्यात उभं राहून ते करणं काय असतं हे एसीत बसून कळत नाही. जुळवणी वेळच्या वेळी झाली नाही तर यंत्र वर्षभर एकच सुखद आकडा दाखवत राहतं. सपाट रेघ दिसली की मला संशय येतो. खऱ्या संचाची रेघ हातोडे आपटतात तेव्हा उसळते, भार बदलतो तेव्हा हलते.

दुसरी गोम ऑक्सिजनची. मर्यादा आहे ती धुरात ६ टक्के ऑक्सिजन धरून. डक्टमध्ये भोकं असतील, बाहेरची हवा आत घुसत असेल, तर धूर पातळ होतो आणि घनमीटरमागचा आकडा आपोआप उतरतो. दुरुस्ती करून आकडा लिहिला तर ठीक. नुसता वाचलेला आकडा लिहिला तर गळका डक्ट हेच प्रदूषण नियंत्रण. अहवाल हाती आला तर आधी ऑक्सिजनचा रकाना बघा. बहुतेक लोक तो बघतच नाहीत.

जुना संच

निशाचर, अगदी नेमकं. हवेची गळती आमच्या हाताखालचा रोजचा प्रश्न. धूर ओढणाऱ्या आयडी फॅनला त्रास होतो म्हणून आम्ही ती बुजवायचो, गळतीने कागदावरचा आकडा सुधारतो हे डोक्यात नसायचं.

पळसफूल

म्हणजे बोटाला लागते ती राख तलावाची. बरं. मग तिला नियम नाही?

कलम-कसाई

आहे. ३१ डिसेंबर २०२१ ची राखेची अधिसूचना. त्या-त्या वर्षीची राख तीन वर्षांच्या चक्रात शंभर टक्के वापरायची, सिमेंट, विटा, रस्ते, खाणीतली भर. जुन्या साचलेल्या राखेला दहा वर्षं. न वापरलेल्या टनाला हजार रुपये. पहिली अशी अधिसूचना १९९९ ची आहे, तेव्हापासून ही कथा चालूच आहे. उलट २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, लांबच्या केंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा पाठवायचा नाही ही अट काढून टाकली. कोळसा धुऊन पाठवला तर राख खाणीजवळ राहते, न धुता पाठवला तर तुमच्या दारात येते.

आणि तलावाचं म्हणाल तर जुलै २०२२ आठवा. कोराडीचा खसाळ्याचा राखबंधारा पावसात फुटला, राख नाल्या-नदीत, शेतात गेली. त्या राखेचा एक कणही चिमणीतून गेला नव्हता, ती बरीचशी ईएसपीने *पकडलेली* राख होती.

घोलवडची वाडी

पकडलेल्या राखेचं पुढे काय, हे आमच्या प्राधिकरणानेही विचारलं होतं. आदेशाची जागा एकच असली की हे सगळे प्रश्न एकाच टेबलावर येतात. तुमच्याकडे चिमणी एका विभागाकडे, तलाव दुसऱ्याकडे, टिपर आरटीओकडे.

वीजबिलग्रस्त

चंद्रपूर-कोराडीलाही तसंच प्राधिकरण द्या मग. युनिटमागे दोन पैसे लावा त्याच्या खर्चाला, मी देतो. ३० नाही, दोन.

ठेचा-भाकर

लेहून ठेवा रे कोनी, भाऊ दोन पैशावर आले!

कलम-कसाई

प्राधिकरण मागून लगेच मिळत नाही, डहाणूला न्यायालयातून मिळालं. तोवर हाताशी आहे ते: प्रत्येक केंद्राचं राज्य मंडळाकडचं संमतीपत्र, त्यात चिमणीनिहाय मर्यादा आणि अटी लिहिलेल्या असतात. मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा, नसेल तर माहिती अधिकारात मागा. सोबत चिमणीच्या तपासणीचे अहवाल मागा. आणि ब वर्गातल्या केंद्रांवर समितीपुढे काय गेलंय, इतिवृत्तात काय आहे, तेही. इतिवृत्तं पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर येतात.

निशाचर अभियंता

अहवाल मागताना ठोकळ मागू नका, 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर येईल. संच क्रमांक, महिना, आणि हे रकाने लिहा: धूळ, सल्फर डायऑक्साइड, ऑक्सिजन टक्के, तपासणीच्या वेळचा भार मेगावॅटमध्ये. शेवटचा विसरू नका. तपासणीच्या दिवशी संच निम्म्या भारावर असेल तर ईएसपीत धुराचा वेग कमी, आकडा सुंदर.

जुना संच

आणखी एक जोडा: ईएसपी फिल्डच्या बंद-चालूची नोंद. प्रत्येक पाळीत लिहितात. देतील का माहीत नाही, पण ती वही मागितली गेली हे वरपर्यंत कळतं.

@पळसफूल, नवऱ्याला या धाग्याबद्दल सांगू नका. तुम्ही नका अर्ज करू. गावातल्या दुसऱ्या कुणाच्या नावाने करा, मसुदा मी लिहून देतो. संदेश पाठवा.

पळसफूल

पाठवला. नणंद करते म्हणाली, ती सासरी आहे, तिकडच्या पत्त्यावरून.